विश्लेषण : टाळू शिवली, तरी ‘बाबा’चा ‘मामा’ का होतो?

आषाढी वारीत माउलींची पालखी फलटण, बरड करत सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते येथे मुक्काम करते. त्या रात्री गावातले बोलू लागलेले प्रत्येक पोर ‘माउली, माउली’ म्हणत असते. जन्मतः टाळू दुभंगलेली असलेले आणि वर्ष-दीड वर्षाचे असताना शस्त्रक्रिया झालेले एखादे मूलही हा शब्द बऱ्यापैकी म्हणते. पण ‘विठ्ठल’ म्हणायची वेळ आली की त्यातला ‘ठ’ नाकातून निसटतो. घरातही तेच. ‘बाबा’ अशी हाक मारली तर ऐकणाऱ्याला ‘मामा’ वाटते, ‘दादा’चा ‘नाना’ होतो आणि ‘काका’मधला ‘क’ गळ्यातच अडकून नुसते ‘आ-आ’ उरते. तोंडात पाहिले तर टाळू जुळलेली दिसते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे सांगितलेले असते. मग वाचा का सुधारली नाही, हा प्रश्न घरच्यांना पडतो आणि बहुतेकदा तो ‘मोठा झाला की सुटेल’ या उत्तरावर थांबतो. तो तिथे थांबू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते.

टाळू दुभंगते म्हणजे काय?

घरच्या बोलण्यात बाळाची ‘टाळू भरणे’ म्हणजे डोक्यावरच्या मऊ जागी तेल घालणे. येथे टाळू म्हणजे तोंडाचे छत. त्याचा पुढचा भाग हाडाचा, म्हणून कठीण. मागचा भाग स्नायूंचा, म्हणून मऊ. मऊ टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते. गर्भात ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते बाराव्या आठवड्यात जुळून येते. दोन्ही बाजूंचे भाग मधोमध येऊन सांधले गेले नाहीत, तर फट राहते. जगभरात साधारण ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळात ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले आढळतात.

ग्रहणात गरोदर बाईने विळी किंवा सुरी हाती धरली म्हणून असे झाले, ही समजूत महाराष्ट्रात अजून ऐकू येते. तिला कोणताही आधार नाही. आनुवंशिकता, गरोदरपणातील धूम्रपान, फिट्सवरची काही औषधे, आटोक्यात नसलेला मधुमेह अशा अनेक घटकांचा यात वाटा असतो, आणि पुष्कळ वेळा एकच एक कारण सापडतही नाही. आईला दोष देण्यात जाणारा वेळ बाळाच्या उपचारातून वजा होतो.

बोलण्याशी टाळूचा संबंध काय?

याचे उत्तर शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत आहे. क, च, ट, त, प या पाच वर्गांत प्रत्येकी पाच व्यंजने. त्यातले प्रत्येक वर्गाचे शेवटचे व्यंजन, म्हणजे ङ, ञ, ण, न, म ही अनुनासिके. त्यांचा उच्चार करताना मऊ टाळू खाली असते आणि हवा नाकातून जाते. उरलेल्या वीस व्यंजनांसाठी मात्र मऊ टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकावी लागते. नाकाकडे जाणारे दार बंद झाले, की तोंडात हवेचा दाब साठतो आणि ओठ किंवा जीभ सुटताच ‘प’, ‘ट’, ‘क’ असा स्पष्ट ध्वनी फुटतो. ‘स’ आणि ‘श’ यांनाही हा दाब लागतो.

हे दार नीट मिटले नाही, तर ओठ ‘ब’साठी मिटतात पण हवा नाकातून निघून जाते, आणि ऐकू येतो ‘म’. जिभेने ‘द’ची जागा धरलेली असते, पण ऐकू येतो ‘न’. सर्दीने नाक चोंदल्यावर याच्या उलटे होते : तेव्हा ‘मामा’ म्हटले तरी ‘बाबा’सारखे ऐकू येते. ‘माउली’ या शब्दात दाब लागणारे एकही व्यंजन नाही, म्हणून तो त्यामानाने बरा उमटतो. ‘विठ्ठल’मध्ये ‘ठ्ठ’ आहे, म्हणून तो अडतो.

शस्त्रक्रियेने नेमके काय साधते?

टाळूच्या शस्त्रक्रियेची दोन कामे असतात. एक, तोंड आणि नाक यांच्यामधली फट बुजवणे, म्हणजे दूध-अन्न नाकातून येणे थांबते. दुसरे, मऊ टाळू उचलणारे स्नायू योग्य जागी आणून एकमेकांना जोडणे. दुभंगलेल्या टाळूत हे स्नायू आडवे जुळण्याऐवजी हाडाच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. ते सोडवून मागे फिरवून जोडले, तरच टाळू हलते. बोलण्याच्या दृष्टीने हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे.

शस्त्रक्रिया वाचेसाठीच असते, हे सुरुवातीपासून शल्यविशारदांना ठाऊक होते. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये फिलिबेर रू या शल्यविशारदाने जॉन स्टीफन्सन या कॅनडाहून आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याची जन्मतः दुभंगलेली मऊ टाळू शिवली, ती त्याच्या सदोष बोलण्यामुळेच. पुढे स्टीफन्सनने याच शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहिला. आज ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान केली जाते. मूल शब्द बोलू लागण्याआधी त्याच्या तोंडात चालणारी टाळू असावी, हा त्यामागचा विचार.

वेळेला किती महत्त्व आहे, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. युरोप आणि ब्राझीलमधील केंद्रांत ५५८ बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. या सर्वांची फक्त टाळू दुभंगलेली होती, ओठ नव्हे. एका गटाची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, दुसऱ्याची बाराव्या महिन्यात झाली. पाचव्या वर्षी तपासले तेव्हा नाकाकडचे दार नीट न मिटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के, तर दुसऱ्या गटात १५ टक्के होते. अर्थात ही बाळे इतर बाबतीत निरोगी होती आणि लहान बाळांना भूल देणारे अनुभवी तज्ज्ञ तेथे उपलब्ध होते. आपल्याकडे बाळाचे वजन, हिमोग्लोबिन आणि रुग्णालयाची सोय पाहून डॉक्टर वेळ ठरवतात. पण ‘थोडा मोठा होऊ द्या’ म्हणत घरच्यांनी दोन-चार वर्षे घालवणे बोलण्यासाठी महागात पडते.

मग दोष राहतो कशामुळे?

टाळू शिवलेल्या मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्के मुलांत नाकाकडचे दार पुरेसे न मिटण्याचा दोष राहतो, असे जगभरातले अनुभव सांगतात. म्हणजे हा प्रकार दुर्मीळ नाही, आणि तो राहिला म्हणून शस्त्रक्रिया बिघडली असाही अर्थ होत नाही. त्याची कारणे वेगवेगळी असतात आणि उपचार कारणावर ठरतो.

पहिले कारण रचनेचे. जुळवलेली टाळू आखूड असते, व्रणामुळे ताठ राहते किंवा पुरेशी उचलली जात नाही. दुसरे, शिवणीच्या जागी लहान छिद्र राहते. जेवताना पाणी, ताक किंवा आमटी नाकात येत असेल, तर त्याची शक्यता असते. तिसरे कारण सवयीचे, आणि नेमके तेच अनेकदा नजरेतून सुटते. बाळ सहा ते दहा महिन्यांच्या वयात ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडू लागते. टाळू उघडी असताना त्याला तोंडात दाब साठवता येत नाही. मग ते दुसरी युक्ती शोधते : हवा घशातच अडवून सोडायची. ‘काका’चे ‘आ-आ’ होते ते असे. पुढे टाळू जुळली तरी मेंदूने शिकलेली ही पद्धत आपोआप जात नाही. टाके घालून सवय मोडत नाही. नवा उच्चार शिकवावा लागतो.

चौथे कारण कानाचे. कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाशी जोडणारी नळी टाळूच्याच एका स्नायूने उघडते. तो नीट काम करत नसल्याने या मुलांच्या मधल्या कानात चिकट पाणी साठते. मूल ठार बहिरे नसते, पण त्याला जग कानात कापूस घातल्यासारखे ऐकू येते. जे स्पष्ट ऐकू येत नाही, ते स्पष्ट बोलता येत नाही. म्हणून कानाची तपासणी वाचेच्या उपचाराचाच भाग आहे. याशिवाय वाकडे दात, जबड्याची ठेवण किंवा एखाद्या जन्मजात लक्षणसमूहाचा भाग म्हणून आलेल्या अडचणीही असतात.

बोबडे आणि गेंगाणे यांत फरक काय?

मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत आणि ते उपयोगाचे आहेत. तीन वर्षांचे मूल ‘रस्ता’ला ‘लस्ता’ म्हणते, ते बोबडे बोलणे. वाढत्या वयात ते बहुतेकदा सुटते. आवाज नाकातून येतो, ते गेंगाणे बोलणे. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर ते टिकून असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

घरी एक साधी परीक्षा करता येते. मुलाला ‘बाबा’, ‘पाटी’, ‘काका’ किंवा ‘दादा, कपाट उघड’ असे म्हणायला सांगावे. या शब्दांत एकही अनुनासिक नाही. बोलताना नाकपुड्यांखाली छोटा आरसा धरावा. तो धुरकट झाला, तर हवा नाकातून गळते आहे. दुसरी रीत म्हणजे तेच शब्द एकदा नाक मोकळे ठेवून आणि एकदा चिमटीत धरून म्हणवून घेणे. टाळू नीट मिटत असेल, तर आवाजात फारसा फरक पडत नाही. ‘मामा’, ‘नाना’, ‘आणा’ या शब्दांनी ही परीक्षा करू नये. ते म्हणताना हवा नाकातून जाणारच. ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे. पण तज्ज्ञाकडे जायचे की नाही, हे ठरवायला ती पुरेशी आहे.

कधीकधी फट बाहेरून दिसतही नाही. वरचे आवरण अखंड असते, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ दुभंगलेली आणि बोलणे गेंगाणे असेल, तर असा छुपा दोष तपासून घ्यावा.

फुगे, शिट्ट्या आणि वेखंड यांनी फरक पडतो?

शस्त्रक्रियेनंतर ‘रोज फुगे फुगवायला द्या’, ‘शिट्टी वाजवायला द्या’, ‘मेणबत्ती फुंकायला लावा’ असे सल्ले सर्रास मिळतात. फुंकर मारताना टाळू ज्या रीतीने हलते, त्याच रीतीने ती बोलताना हलत नाही. त्यामुळे नुसत्या फुंकण्याच्या व्यायामाने बोलणे सुधारत नाही, हे वाचा-उपचाराच्या क्षेत्रात आता मान्य झाले आहे. बोलणे सुधारते ते बोलण्याच्याच सरावाने. वेखंड उगाळून जिभेवर लावल्याने टाळू लांब होत नाही की तिचे स्नायू जुळत नाहीत. जिभेखालचा पडदा कापून गेंगाणेपण जात नाही, कारण दोष जिभेचा नसतोच. या उपायांनी मुलाचे सर्वांत मोलाचे दोन-तीन वर्षांचे दिवस निघून जातात, हा त्यांचा खरा तोटा.

वाचा-उपचारात काय करतात?

वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, आधी मुलाचे बोलणे ऐकून कोणते ध्वनी रचनेमुळे बिघडले आणि कोणते सवयीमुळे, हे वेगळे करतात. मग एकेक ध्वनी घेतला जातो. ओठ दिसतात म्हणून ‘प’पासून सुरुवात सोपी जाते. मुलाच्या तोंडासमोर कागदाची बारीक पट्टी धरतात. ‘प’ तोंडातून आला तर पट्टी हलते, नाकातून गेला तर स्थिर राहते. मुलाला डोळ्यांनी आपली हवा दिसते. ध्वनी जमला की ‘पा-पी-पू’, मग ‘पाणी’, ‘पाटी’, ‘टोपी’, मग छोटी वाक्ये आणि शेवटी गप्पांमध्ये तो ध्वनी टिकवणे, असा हा क्रम असतो.

आठवड्यातून एकदा तज्ज्ञाकडे जाऊन भागत नाही. घरी रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव, शक्य तर दिवसातून दोनदा, हाच उपचाराचा कणा असतो. तो खेळात बसवता येतो : भाकरी थापताना ‘थाप-थाप’, ‘टप टप पाऊस’, ‘काका आला का’. चुकले की ‘नीट बोल’ म्हणून दरडावण्याऐवजी मोठ्यांनी तोच शब्द स्पष्ट म्हणून दाखवावा. शस्त्रक्रियेपूर्वीही आई-वडील बाळाशी खूप बोलून, त्याच्या बडबडीला उत्तर देऊन पाया घालू शकतात.

दुसरी शस्त्रक्रिया केव्हा लागते?

टाळू आखूड असेल किंवा मोठे छिद्र असेल, तर कितीही सराव केला तरी हवा गळतच राहते. अशा वेळी सराव अपुरा पडला म्हणून मुलाला किंवा आईला बोल लावणे अन्यायाचे आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बोलतानाचे क्ष-किरण चित्रण करून टाळू कुठवर पोहोचते, हे पाहिले जाते. त्यासाठी मुलाने सांगितलेले शब्द म्हणायला हवेत, म्हणून हा निर्णय बहुधा चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या सुमारास होतो. टाळूचे स्नायू पुन्हा मागे नेऊन जुळवणे, ती लांबवणे किंवा घशाच्या मागच्या भिंतीचा पडदा टाळूला जोडणे, असे पर्याय आहेत. पडदा जोडल्यावर काही मुले घोरू लागतात, झोपेत श्वास अडतो. त्यावर लक्ष ठेवावे लागते. शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा दातांना बसवायचे, मागे टाळूला आधार देणारे उपकरण बनवता येते. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरही वाचा-उपचार लागतोच.

एक इशारा महत्त्वाचा. नाकामागची ॲडिनॉइडची गाठ अनेकदा आखूड टाळूला टेकायला मदत करत असते. ती काढली की गेंगाणेपण एकदम वाढू शकते. कान-नाक-घशाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी टाळूच्या जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी.

नातेपुत्याच्या घराने जायचे कुठे?

खरी अडचण इथे आहे. टाळूची शस्त्रक्रिया एकदाच होते. त्यासाठी शहरात चार-सहा दिवस काढता येतात. स्माइल ट्रेन ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था २००० पासून भारतात सहयोगी रुग्णालयांमार्फत या शस्त्रक्रिया मोफत करवते, त्यामुळे पैशाअभावी शस्त्रक्रिया अडण्याचे कारण राहिलेले नाही. वाचा-उपचार मात्र महिनोन् महिने चालतो, आणि हे तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. नातेपुत्याहून पुणे असो की सोलापूर, दोन्ही शंभर किलोमीटरहून दूर. अर्ध्या तासाच्या उपचारासाठी पूर्ण दिवस एसटीत जातो आणि आई किंवा वडिलांपैकी एकाची मजुरी बुडते. दोन-तीन फेऱ्यांनंतर येणे थांबते. यात पालकांचा निष्काळजीपणा शोधण्यापेक्षा अंतराचा हिशेब पाहिला पाहिजे.

तरी मार्ग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येतात. पथकाला ‘शस्त्रक्रिया झाली आहे’ एवढेच सांगून थांबू नये. ‘बोलणे नाकातून येते, ऐकण्याची तपासणी करायची आहे’ हे सांगावे. पुढे पाठवण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे आणि त्याच्या रचनेत वाचा व श्रवणतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण याच विषयांवर काम करते.

प्रत्येक वेळी प्रवास करण्याचीही गरज नाही. पहिली तपासणी समोरासमोर झाल्यावर पुढचा बराच सराव मोबाइलवरच्या व्हिडीओ कॉलवर होऊ शकतो. तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने तिरुवण्णामलै जिल्ह्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन या मुलांचा सराव त्यांच्या घराजवळ करून घेण्याची पद्धत राबवली. तज्ज्ञ आराखडा ठरवतो, स्थानिक कार्यकर्ता सराव घेतो. माळशिरस तालुक्यात आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी पोहोचतात. त्यांना असे शिकवणे अशक्य नाही.

शाळेने काय करावे?

शाळेत हा दोष मुलाला सर्वांत जास्त बोचतो. हजेरीला ‘हजर’ म्हटले की वर्ग हसतो, मग मूल हात वर करणे सोडते आणि पाढे येत असूनही ‘येत नाही’ म्हणते. शिक्षकांनी त्याला पुढच्या बाकावर बसवावे, कारण त्याला कमी ऐकू येत असण्याची शक्यता असते. त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे, नक्कल करणाऱ्याला तिथेच थांबवावे आणि तोंडी परीक्षेत उच्चाराऐवजी उत्तराला गुण द्यावेत. टाळूच्या फटीचा बुद्धीशी संबंध नसतो.

पालकांनी लक्षात ठेवण्याचे वेळापत्रक छोटे आहे : दीड, तीन आणि पाच वर्षांच्या सुमारास बोलण्याची तपासणी, त्या काळात नियमित कानाची तपासणी, आणि अन्न नाकात येत असेल किंवा घराबाहेरच्यांना मुलाचे बोलणे कळत नसेल तर वेळापत्रकाची वाट न पाहता लगेच भेट. वय उलटून गेले असेल तरी उपचार व्यर्थ नसतात. फक्त जुनी सवय मोडायला जास्त काळ लागतो. फट बुजवण्याचे काम शल्यविशारद दोन तासांत करतात. ‘मामा’चा पुन्हा ‘बाबा’ होण्याचे काम मात्र घर, अंगणवाडी, शाळा आणि तज्ज्ञ यांना मिळून, रोज थोडे थोडे करावे लागते.